गच्चीवर अठ्ठावीस

फ्रीजमध्ये, अंड्यांच्या शेजारी, एक थर्मामीटर उभा.

*

"आमचीच बेडरूम लाल का? समोरच्यांची हिरवी कशी? असे कोण लागून गेलेत ते?"

*

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, इमारतीच्या माथ्यावरील कोणत्याही नव्या बांधकामाच्या अर्जास, मग ते बांधकाम तात्पुरते असो वा सच्छिद्र, हवामानबदलाच्या परिणामांचा मॉडेलवर आधारित अभ्यास जोडणे बंधनकारक आहे.

*

एका खोलीत शंभर आत्या.

*

एक सरकारी अधिकारी. बूट काढलेले, डोक्यावर ओला टॉवेल, हातात वाफाळता चहा.

*

"बोला. अठ्ठावीस. ठेवते."

*

हे तुकडे एकाच गोष्टीतले आहेत. मी मुद्रितशोधक आहे, शाळेची पुस्तकं तपासतो. सुटलेली ओळ जागेवर लावणं हाच माझा धंदा. तरी ही गोष्ट मला अजून सरळ लावता आलेली नाही. घडली तशी सांगितली तर लोक म्हणतात, "काहीतरीच!" बायको सांगते तेव्हा लोकांना पटते, पण तिच्या गोष्टीत मी फार मूर्ख दिसतो. म्हणून ही माझी आवृत्ती.

सुरुवात अगदी साधी होती. चार लोखंडी पाइप आणि एक हिरवं जाळीचं कापड, रोपवाटिकेत सावलीला बांधतात तसलं. एवढंच मला आत्याच्या खोलीवर लावायचं होतं.

आमची इमारत तळमजला धरून चार मजल्यांची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. माझी आत्या सगळ्यांच्या डोक्यावर, गच्चीतल्या एकुलत्या एक खोलीत. खोली आमच्या घराबरोबरच घेतलेली, कागदपत्रं चोख. पण तिच्या छतावर ऊन आणि आकाश यांच्याशिवाय काही नाही. उन्हाळ्यात दुपारी त्या भिंतीला हात लावला तर चटका बसून हात आपोआप खिशात जातो. आत्या ऐंशीला टेकलेली. गेल्या उन्हाळ्यात तिला दोनदा चक्कर आली. दोन्ही वेळा तिने सांगितलं, "चक्कर नाही, जरा बसले होते." जमिनीवर? "हो. जमीन बसायलाच असते."

"आत्या, खाली ये ना राहायला," मी म्हणालो.

"कुठे? तुमच्या हॉलमध्ये? सोफा होऊन?"

"असं काय बोलतेस!"

"मग कशी बोलू? तिथे टीव्ही लागतो, पाहुणे येतात, तुझी बायको वह्या तपासत बसते. मी मध्ये पाय पसरून? माझी खोली माझी आहे राजा. हयातभर दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्या. आता ही एक माझी लाइन आहे, ती तोडू नकोस."

आत्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. अजून फोन उचलला की "हॅलो" म्हणत नाही, "बोला" म्हणते, आणि बोलून झालं की "ठेवते" म्हणून खरोखर ठेवते. आपलं झालेलं असो वा नसो. मी तिच्याच पगारावर शिकलो, पण हे तिच्यासमोर बोलायची सोय नाही. लगेच म्हणते, "मग एवढं शिकून उपयोग काय, जर भिंतीला हात लावून चटका बसतो म्हणतोस?"

तर चार पाइप. ही बातमी जिन्यात फुटली आणि सल्ले सुरू झाले.

पहिल्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी. ते म्हणाले, "लावा हो, बिनधास्त लावा. फक्त परवानगी काढा." तळमजल्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळी इमारत हरकतकाका म्हणते. लिफ्ट बसली तेव्हा त्यांनी हरकत घेतली होती की आम्ही तळमजल्यावर राहतो, आम्हाला काय फायदा. ती बंद पडली तेव्हाही घेतली, की आमच्या दारासमोरच का बंद पडली. ते म्हणाले, "माझी हरकत नाही." हे ऐकून मी जिन्याचा कठडा धरला. मग ते पुढे म्हणाले, "पण सावली पडणार कुठे?"

"खोलीवर."

"सकाळी हो! संध्याकाळी सूर्य कलला की तुमची सावली पुढे सरकत सरकत आमच्या तुळशी— आमच्या कुंड्यांवर नाही येणार कशावरून?"

चार मजले खाली? मी म्हणालो, तपासून सांगतो. हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं आहे, आणि माझा घात नेहमी त्यानेच होतो.

तिसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर, घरातच दवाखाना. ते म्हणाले, "माझ्या मते आधी एक्स-रे काढावा." कशाचा ते त्यांनी सांगितलं नाही. सवयीने म्हणाले असावेत.

बायको म्हणाली, "अहो, शनिवारी चार पाइप आणा आणि लावून टाका. विचारत काय बसलात?"

शुद्धिपत्र: वरील सल्ला बरोबर होता.

*

परवानगीच्या कार्यालयात खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी माझा अर्ज उलटा वाचला, मग सुलटा.

"शेड कशाला?"

"ऊन लागतं."

"कोणाला?"

"आत्याला."

"तुम्ही अर्ज बांधकामाच्या रकान्यात केलाय. आत्या बांधकामात येते का?"

"नाही. पण ती बांधकामात राहते."

बाईंनी एक परिपत्रक पुढे सरकवलं. तेच, वर दिलेलं. 'सच्छिद्र' या शब्दाखाली कोणीतरी पेनने रेघ मारली होती. म्हणजे माझ्याआधी जाळीचं कापड घेऊन आणखी कोणी इथे उभं राहून गेलं होतं. त्या अनोळखी माणसाबद्दल मला एकदम आपलेपणा वाटला.

"मॉडेल जोडा," बाई म्हणाल्या. "हवामान बदलत जाणार. पुढच्या पन्नास वर्षांत तुमच्या इमारतीवर त्याचा काय परिणाम होईल, आणि तुमची ही शेड टिकाऊ, म्हणजे शाश्वत, विकासात बसते का, ते."

"बाई, आत्या ऐंशीची आहे."

"मग तीस वर्षांचं जोडा," त्या म्हणाल्या. खरं सांगतो, त्यांच्या आवाजात सहानुभूती होती.

इथे एक सांगायला हवं. हवामानबदल हा विषय मला नवा नव्हता. भूगोलाच्या पुस्तकातलं त्यावरचं प्रकरण मीच तपासलं होतं, तीन वेळा. दुसऱ्या वेळी त्यातल्या आकृतीत सूर्य उलट्या बाजूला छापलेला मीच पकडला. म्हणजे एका अर्थी सूर्य मी जागेवर आणला होता. एवढ्या अनुभवावर एक इमारत काय, जिल्हा झाला असता.

शिवाय घरात तज्ज्ञ होतीच. आमची मुलगी दुसऱ्या शहरात हेच शिकते. समुद्र वाढला तर कोणती गावं पाण्यात जातील, याची मॉडेलं करते. तिला फोन लावला.

"बाबा, मॉडेल म्हणजे भविष्य नाही हं," ती म्हणाली. "असं असलं तर तसं होईल, एवढंच ते सांगतं. तुम्ही एक खोली घ्या. एक छत, चार भिंती, एक खिडकी. बाहेरचं ऊन किती, आत किती येतं, किती साठतं, किती बाहेर जातं. मी प्रोग्राम पाठवते. साधं ठेवा."

"पण हवामान काय एका खोलीत असतं का?"

"बाबा, साधं ठेवा."

मी अख्खी इमारत घेतली.

*

आठवडाभर मी टेप घेऊन लोकांच्या घरात भिंती मोजत होतो. भिंतीची जाडी, खिडकीची दिशा, घरात माणसं किती, स्वयंपाक कधी. प्रत्येक खोली म्हणजे प्रोग्राममध्ये एक चौकोन. ऊन एका चौकोनातून दुसऱ्यात झिरपणार. लोकांना मी समजावून सांगत होतो, पण लोकांना वेगळंच कळत होतं. सेक्रेटरींनी हळूच विचारलं, "हे शाश्वत म्हणताय ते किती वर्षं? गॅरंटी कार्ड देतात का?"

पहिल्यांदा मॉडेल चालवलं तेव्हा आत्याच्या खोलीत एवढं तापमान आलं की त्यात विटा भाजता आल्या असत्या. मी घाबरून मुलीला आकडे पाठवले. तिचा हसत हसत फोन आला. बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॉट उष्णता निघते, असं तिने सांगितलं होतं. मी ते शंभर 'खोलीतील व्यक्ती' या रकान्यात लिहिले होते. खोलीत शंभर आत्या झाल्या होत्या.

"मग तापमान बरोबर आलंय," बायको वहीतून मान वर न करता म्हणाली.

चूक दुरुस्त केली. पण मुलीने सांगितलं, नुसत्या हिशेबावर भागत नाही. मॉडेल खऱ्या जगाशी जुळवून घ्यावं लागतं. प्रत्येक घरात थर्मामीटर ठेवायचा, दुपारी दोन वाजता आकडा बघायचा, आणि मॉडेलचे आकडे त्याच्याशी जुळेपर्यंत त्याचे कान पिळायचे. कान पिळणं हा शब्द माझा. तिचा शब्द चांगला होता, विसरलो.

मी सारखेच थर्मामीटर आणले आणि जिन्यात छोटी सभा घेतली. त्या सभेत मी एक वाक्य बोललो: "प्रत्येक घराचं तापमान सगळ्यांना दिसेल आणि वर कार्यालयातही जाईल." पारदर्शकतेसाठी बोललो. माझ्या वडिलांनी मला लहानपणी सांगितलं होतं की सभेत बोलू नये. कोणत्या सभेत ते सांगायला हवं होतं.

आकडे येऊ लागले.

पहिला मजला, सेक्रेटरी: अकरा.

तळमजला, हरकतकाका: सत्तेचाळीस.

तिसरा मजला, डॉक्टर: पस्तीस. दुसऱ्या दिवशी पस्तीस. तिसऱ्या दिवशी ढग आले, सगळ्यांना बरं वाटलं, डॉक्टर पस्तीस.

गच्ची: रोज दुपारी फोन. "बोला. अठ्ठावीस. ठेवते."

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला संशय आला असता, असं बायको म्हणते. पण मुद्रितशोधकाचं एक असतं: मूळ प्रतीत जे आहे ते प्रमाण. लेखकाने गाढवाला चार पाय लिहिले असतील तर चार, पाच लिहिले असतील तर समासात नम्र प्रश्नचिन्ह. दुसऱ्याच्या घरात शिरून 'थर्मामीटर कुठे ठेवलाय दाखवा' म्हणायचं म्हणजे शेजाऱ्याला खोटारडा म्हणण्यासारखंच. आत्याकडे मी सकाळी ऑफिसला जाताना आणि संध्याकाळी येताना डोकावायचो. ती खिडकीशी बसलेली, केस नीट विंचरलेले. "कशी आहेस?" "अठ्ठावीस," ती म्हणायची.

उलट मी त्या आकड्यांना कारणं शोधली. तळमजला गरम, कारण जमिनीची उष्णता. पहिला मजला थंड, कारण... तिथे मी दोन दिवस अडलो. शेवटी 'सूक्ष्म हवामान' असा शब्द सापडला आणि सुटलो. गच्चीवरच्या खोलीसाठी मी अख्खा परिच्छेद लिहिला: खोलीशेजारी पाण्याची टाकी असल्यामुळे होणारे शीतलीकरण. तो परिच्छेद मला अजून पाठ आहे. त्यात एकही अशुद्ध शब्द नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, गच्चीवरची खोली डॉक्टरांच्या मजल्यापेक्षा थंड? छत तापतं ना?"

"आकडे तसे आहेत."

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आकडे तपासा."

"माणसं विश्वासाची आहेत," मी म्हणालो आणि फोन ठेवला. ठेवताना "ठेवतो" म्हणालो, हे लक्षात आलं.

मग रंगीत नकाशा. मॉडेलने पुढच्या पन्नास वर्षांचे तीन नकाशे दिले: जगाने शहाणपण केलं तर, जेमतेम केलं तर, आणि कोणी कोणाचं ऐकलं नाही तर. आमच्या सोसायटीच्या सभांचा अनुभव बघून मी तिसरा सूचनाफलकावर लावला. थंड खोल्या निळ्या, मग हिरव्या, मग पिवळ्या, गरम त्या लाल. सेक्रेटरींचा मजला हिमनदीसारखा निळा. तळमजल्यावर हरकतकाकांचं घर लालभडक, त्यांच्या समोरचं हिरवं. आणि सगळ्यांच्या वर, आत्याची खोली, कोवळी हिरवी.

अर्ध्या तासात हरकतकाकांच्या घरून आरडाओरडा. काकू फलकासमोर उभ्या. "आमचीच बेडरूम लाल का? समोरच्यांची हिरवी कशी? असे कोण लागून गेलेत ते?" मी म्हणालो, "काकू, तुमच्याच घरून सत्तेचाळीस आलेत." त्या नवऱ्याकडे वळल्या. नवरा कुंड्यांकडे वळला. त्यांना कुठूनसं कळलं होतं की जास्त गरम घरांना कार्यालय फुकट पंखे देणार आहे. आकडा मोठा हवा होता, रंग नको होता.

सेक्रेटरी मात्र खूश. त्यांना घर विकायचं होतं. त्यांनी नकाशाचा फोटो काढून दलालाला पाठवला: 'पन्नास वर्षांनीही गार.'

मी अभ्यास बांधून, मुखपृष्ठ लावून, कार्यालयात दिला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "वा, रंगीत!"

*

उत्तर आलं. दोन परिच्छेदांत होतं.

पहिला: आपल्याच अभ्यासानुसार गच्चीवरील खोली पुरेशी थंड आहे. सबब तिच्यावर सावलीची गरज दिसून येत नाही. अर्ज निकाली.

दुसरा: त्याच परिपत्रकाच्या पुढच्या कलमानुसार, माथ्यावरील, नैसर्गिकरीत्या थंड राहणारी खोली उष्णतेच्या लाटेत सर्व रहिवाशांना आसरा म्हणून राखून ठेवणे अपेक्षित आहे. पाहणीसाठी अधिकारी येतील.

मी ते वाचलं. मग तपासायला वाचतो तसं, अक्षराला अक्षर लावून वाचलं. चूक नव्हती.

जिन्यात सेक्रेटरी हात पसरून आले. "अहो, अभिनंदन! आपल्या इमारतीला हक्काची गार खोली! दहा-बारा खुर्च्या टाकू, टीव्ही लावू..."

"तिथे आत्या राहते."

"हो हो, राहू दे की. फक्त दुपारचं. दुपारी त्या जरा... जिन्यात वारा चांगला असतो."

"माझी हरकत आहे," खालून आवाज आला. क्षणभर मला हरकतकाका देवासारखे वाटले. "चार मजले आम्ही चढायचे? ती खोली तळमजल्यावर हवी."

मी घरात येऊन बसलो. बायकोने कागद वाचला. एरवी तिने चार पाइपांचं वाक्य म्हटलं असतं. या वेळी ते म्हटलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

"अहो, सांगून टाका की आकडे चुकलेत."

"म्हणजे खोटा अभ्यास दिला म्हणून अर्ज कायमचा बाद. पुन्हा करताही येणार नाही. आणि ज्यांनी आकडे दिले ते सगळे माझ्यावर उलटतील."

"आणि नाही सांगितलंत तर आत्या जिन्यात."

एवढाच पेच होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने, शुद्ध भाषेत, मुखपृष्ठ लावून तयार केला होता.

संध्याकाळी वर गेलो. आत्याला सगळं सांगितलं. ती रागावेल, रडेल, निदान 'राजा' म्हणेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "कोण कोण येणार?"

"साहेब. सेक्रेटरी, हरकतकाका, डॉक्टर. बायकामंडळी पण येतील बघायला."

"किती वाजता?"

"सकाळी दहा."

"दुपारी दोनला बोलव. तुझं मॉडेल दोनचंच आहे ना?"

"हो, पण..."

"मग दोनची लाइन दोनलाच लागायला हवी. जा आता, माझं वाचन राहिलंय."

*

पाहणीला आलेले साहेब पोक्त, बूट चकचकीत, हातात माझा रंगीत अभ्यास. आम्ही सगळे आत्याच्या खोलीत जमलो: साहेब खुर्चीवर, सेक्रेटरी पलंगाच्या कडेवर, डॉक्टर पांढरा कोट घालून मधल्या वेळात आलेले, काका-काकू ट्रंकेवर, सेक्रेटरींच्या पत्नी दारात, मी भिंतीला टेकून. लगेच भिंतीपासून बाजूला.

आत्याने खिडकी लावून घेतली. "धूळ येते हो." मग दार लोटलं. "मांजर शिरतं."

"जरा पंखा..." साहेब म्हणाले.

आत्या माझ्याकडे वळली. "काय रे, तुझ्या मॉडेलमध्ये पंखा धरलायस का?"

साहेबांनी पानं उलटली. नाही. मीच लिहिलं होतं, 'कोणत्याही यंत्राच्या मदतीविना'.

"मग नको," आत्या म्हणाली. "उगाच आकडा बिघडेल. चहा घ्या."

चहा उकळता होता. तो नाकारता येईना, कारण या खोलीत गरम होतंय असं म्हणायला कोणी तयार नव्हतं. मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. प्रत्येकाचं तोंड लाल, आणि प्रत्येकजण मनात आपापल्या थर्मामीटरपाशी उभा. एकाने तोंड उघडलं असतं तर दुसऱ्याने विचारलं असतं, मग तुमचा कुठे होता?

"छान... गारवा आहे," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या हनुवटीवरून एक थेंब बशीत पडला.

"टाकीमुळे," मी म्हणालो. काय करणार, परिच्छेद पाठ होता.

साहेबांनी कॉलर सैल केली. मग बूट काढले. आत्याने न विचारता टॉवेल ओला करून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी न विचारता तो डोक्यावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत आता माझ्या अभ्यासाबद्दल काहीतरी होतं, आदर नव्हता.

तेवढ्यात डॉक्टरांनी घाम पुसायला कोटाच्या खिशातून रुमाल ओढला आणि त्याबरोबर थर्मामीटर बाहेर आला.

"हा खिशात?" साहेब म्हणाले.

"हो, कायम. घरात ठेवला तर आकडा बघायचं विसरतो. दोन वाजले की काढतो, बघतो." ते थांबले. सहा फूट उंच माणूस, त्यांच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला. "म्हणजे... ते माझंच तापमान होतं."

"पस्तीस," मी म्हणालो. "रोज."

काकूंना आधी हसू फुटलं. "आमच्या ह्यांनी शेगडीमागे ठेवला होता! म्हटलं, एवढं का जपतायत त्याला, दूध आहे का ते उतू जायला!"

"माझी हरकत..." काका म्हणाले, पण वाक्य पुढे गेलं नाही.

सगळे सेक्रेटरींकडे वळले. सेक्रेटरी चहात बघत राहिले. दारातून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "फ्रीजमध्ये आहे. अंड्यांच्या शेजारी. मला वाटलं, अंड्यांसाठीच असतो."

मी आत्याच्या खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यात पाण्याचा माठ. माठाच्या मानेला, ओल्या फडक्यात गुंडाळून, दोऱ्याने नीट बांधलेला थर्मामीटर. मी पाहिलं, हे आत्याने पाहिलं. ती साहेबांना म्हणाली, "अजून अर्धा कप?"

"आजी," साहेब टॉवेलखालून म्हणाले, "नको. दार उघडा."

दार उघडलं तरी कोणी हललं नाही. अडचण आता साहेबांची होती. अभ्यास खोटा म्हणावा तर त्यांच्याच कार्यालयाने तो स्वीकारून उत्तर दिलं होतं. खरा म्हणावा तर त्यांचं स्वतःचं डोकं ओल्या टॉवेलखाली होतं. त्यांनी बराच वेळ नकाशा न्याहाळला. पन्नास वर्षांनंतरची कोवळी हिरवी खोली. मग त्यांच्या चेहऱ्यावर, इतक्या उकाड्यात, चक्क हसू आलं.

"हे पन्नास वर्षांनंतरचं आहे ना?"

"हो."

"म्हणजे खोली पन्नास वर्षांनी थंड होणार आहे. आज आहे असं तुम्ही या नकाशात कुठेच म्हटलेलं नाही."

"नाही, पण..."

"तुम्ही गप्प बसा हो," आत्या मला म्हणाली. तिने मला आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

साहेबांनी पेन काढलं. घामाने ते दोनदा निसटलं. अर्जाच्या पाठीवर त्यांनी लिहिलं: 'अभ्यासात भाकीत केलेला गारवा प्रत्यक्षात येईपर्यंत, सच्छिद्र सावलीस तात्पुरती परवानगी देण्यात येत आहे. तोपर्यंत खोली आसरा म्हणून राखण्याचा प्रश्न उद्भवत नाही.' खाली सही.

"तात्पुरती म्हणजे?" हरकतकाकांनी विचारलं.

"पन्नास वर्षं," साहेब म्हणाले आणि बूट हातात घेऊन जिना उतरले.

*

शनिवारी चार पाइप आणले. डॉक्टरांनी पाइपांना भोकं पाडली. मी इतकी नाजूक भोकं लोखंडाला पाडलेली कधी पाहिली नाहीत. सेक्रेटरींनी शिडी धरली. काकांनी सावली कुठे पडते ते खाली उभं राहून बघितलं आणि ओरडून सांगितलं की त्यांच्या कुंड्यांवर पडत नाही, पडायला हवी होती, कुंड्या वाळतायत.

मुलगी सुट्टीला आली तेव्हा सगळ्यांनी पुन्हा आकडे घेतले. या वेळी ती स्वतः घरोघर जाऊन थर्मामीटर लावून आली, सावलीत, भिंतीपासून दूर, माणसाच्या उंचीवर. मॉडेल एका दमात जुळलं. त्यात जे दिसलं ते मी फलकावर लावलं नाही. कापडाने चार-पाच अंश उतरले होते, आणि ते खूप होते. पण कोणी कोणाचं ऐकलं नाही तर, या नकाशात, पुढच्या तीसेक वर्षांतच ते चार-पाच अंश परत चढत होते. तेव्हा आत्या नसेल, असं मी मनात म्हणालो, आणि मग लक्षात आलं की तेव्हा आत्याच्या वयाचा मी असेन.

मी तो कागद सेक्रेटरींना दाखवला. घर विकायचं त्यांनी तूर्त थांबवलंय. अख्ख्या गच्चीला पांढरा रंग द्यायचा ठराव पुढच्या सभेत आहे. हरकतकाकांनी आधीच कळवलंय की पांढऱ्याला त्यांची हरकत नाही, पण कोणता पांढरा ते त्यांना आधी दाखवावं. कार्यालयाची परवानगी लागेल का, हे विचारायला कोणी जाणार नाही. एवढं आम्ही शिकलो.

सावली लागल्यावर मी वर गेलो. जाळीतून उन्हाचे बारीक चौकोन आत्याच्या पलंगावर पडले होते. ती पंखा लावून, खिडकी सताड उघडी टाकून वाचत बसली होती. माठ जागेवर होता, मान मोकळी.

"कशी आहेस?"

"चौतीस," आत्या म्हणाली. "खरे."

थर्मामीटर मी तिच्या हातात दिला त्या दिवशी तिने विचारलं होतं, किती आकडा आला म्हणजे तुला रात्री झोप लागेल. आणि मी म्हणालो होतो, अठ्ठावीस.